डेन्व्हरजवळ थंडीत ट्राउटचं (थंड, गोड्या पाण्यातला मासा) फ्लाय फिशिंग (किड्यासारखा सजवलेला हुक, म्हणजे फ्लाय, टाकून मासेमारी) होतं का, की नोव्हेंबरला रॉड गुंडाळून ठेवायचा?

होतं की, गुंडाळू नका. कोलोरॅडोत बहुतेक नद्यांवर ट्राउटला बंद सीझन नसतो, लायसन्स चालू असलं की झालं. तुम्ही म्हणताय ऑक्टोबरपर्यंत मासे लागत होते आणि आता सकाळी सातला जाऊन काहीच नाही, तर अहो सातला जाताच कशाला, पाण्यावर ऊन तरी येऊ दे. ११ ते ३ एवढंच बघा, बाकी वेळ झोपा.

आणि जागा बदला, धरणाखाली जा. पाणी ४ डिग्री सेल्सियसला सगळ्यात जड असतं त्यामुळे हिवाळ्यात तेच तळाशी बसतं, आणि धरणाच्या खालच्या दारातून तेच नदीत येतं, म्हणून बाकी नदी गोठली तरी तेवढा पट्टा वाहता राहतो. तुम्हाला जवळचं म्हणजे साउथ प्लॅट नदीवरचं डेकर्स, दीडेक तास गाडीने, आणि त्याच्या वर चीझमन कॅन्यन. कॅन्यनमध्ये फक्त फ्लाय नाहीतर ल्यूर (कृत्रिम आमिष) चालतो आणि मासा लगेच परत सोडायचा. पायवाटेवर बर्फ असतो, बुटांना स्पाइक्स लावा.

आता मुख्य भाग. थंड पाण्यात ट्राउट सुस्त होतो, धारेतून निघून डोहात तळाशी बसतो, तोंडासमोरून काही गेलं तर खातो, हातभर बाजूलाही सरकत नाही. म्हणून फ्लाय त्याच्या तोंडाशी न्यावी लागते. मिज (चिलटासारखे बारीक किडे) तर हिवाळाभर निघतात, तेव्हा त्यांच्यासारखी झेब्रा मिज फ्लाय २० किंवा २२ नंबरची (नंबर मोठा तेवढा हुक लहान, २२ म्हणजे तांदळाच्या दाण्यापेक्षाही बारीक), ६एक्स टिपेट (फ्लाय बांधायचा बारीक दोरा), वर वीतभर अंतरावर स्प्लिट शॉट (दोऱ्यावर दाबून बसवायचं छोटं वजन) आणि त्याच्याही वर इंडिकेटर (पाण्यावर तरंगणारी खूण). लोक दर दहा मिनिटांनी फ्लाय बदलत बसतात, ते सोडा, आधी वजन वाढवा, इंडिकेटर वर सरकवा, अधूनमधून तळाला घासल्यासारखं वाटलं की समजायचं खोली बरोबर आहे. इंडिकेटर बुडायची वाट बघू नका, वाहता वाहता जरासा अडखळला तरी रॉड उचला, या दिवसात मासा ओढतच नाही, नुसतं तोंडात धरतो.

रॉडच्या कड्यांत बर्फ जमतो तो नखाने उपटू नका, टोक पाण्यात बुडवून हलवा, आपोआप सुटतो.

एक मात्र कळकळीने सांगतो, ब्राउन ट्राउट ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अंडी घालतात. उथळ पाण्यात खडीचा एखादा गोल तुकडा आजूबाजूपेक्षा उजळ, घासून ठेवल्यासारखा दिसला तर ते त्यांचं घरटं, तिथे पाय टाकू नका, वर बसलेल्या माशावर फ्लायही नको, दिसायला सोपा असतो म्हणून मोह होतो. अंडी त्या खडीत वसंतापर्यंत असतात, म्हणजे जानेवारीतही तिथून चालायचं नाही. आणि एरवीही मासा फोटोसाठी बाहेर धरून ठेवू नका, शून्याखालच्या हवेत कल्ले गोठतात.

वेडरचं (पाण्यात उतरताना घालायची जलरोधक विजार) विचारलंत, तर महागडा नसला तरी चालेल पण आत सुती मोजे नकोत, लोकरीचे घाला, कमरेचा पट्टा घट्ट बांधा म्हणजे पडलात तर आत पाणी कमी जाईल. बुटांच्या फेल्ट (नमद्याच्या) सोलला बर्फाचे गोळे चिकटतात, रबरी घ्या. गाडीत कोरड्या कपड्यांचा पूर्ण जोड ठेवा, आणि एकटे जाणार असाल तर घरी जागा सांगून जा, तिकडे फोनला रेंज नसते.