न्यूझीलंडमध्ये लाँग वीकेंडला डेअरी फार्मवर राहायला जावं का? तिथे दिवसभर करायचं काय?

तुम्ही लिहिलंय की ऑक्टोबरअखेर ऑकलंडला बहिणीकडे जाताय, लेबर डेला जोडून तीन दिवस मोकळे आहेत, ऑकलंडच्या दक्षिणेला वायकाटो भागातला एक फार्मस्टे (शेतावरच्या घरात पाहुणे म्हणून राहायची सोय) बघून ठेवलाय, पण 'नुसत्या गायी बघून कंटाळा येईल का' हे कळत नाहीये. माझं मत: जा, पण पहाटे उठायची तयारी असेल तरच. नऊला उठून आरामात चहा घ्यायचा बेत असेल तर पैसे वाचवा, हिरव्या टेकड्या हायवेवरूनही दिसतात. आणि बुकिंगआधी एकच प्रश्न विचारा: तुमच्याकडे रोज धारा निघतात का? पाहुण्यांसाठी दोन मेंढ्या, एक अल्पाका आणि चार कोंबड्या पाळलेली घरंही फार्मस्टे म्हणूनच जाहिरात करतात. लहान मुलं बरोबर असतील तर ती छान आहेत. तुम्ही विचारताय ते वेगळं आहे.

मी अशाच एका लेबर डेच्या वीकेंडला वायकाटोतल्याच मॉरिन्सव्हिल गावाच्या बाजूला एका नवराबायकोच्या फार्मवर राहिले होते, त्यामुळे बघितलेलं सांगते.

लेबर डे तिथे ऑक्टोबरचा चौथा सोमवार. १८४० साली वेलिंग्टनमध्ये सॅम्युअल पार्नेल नावाच्या सुताराने 'आठ तासांच्या वर काम करणार नाही' असं ठणकावलं, त्याची आठवण म्हणून ही सुट्टी. आणि नेमक्या त्या सोमवारी डेअरीवाला पहाटे साडेचारला बूट चढवत असतो! कामावर ठेवलेल्या माणसाला त्या दिवसाचा दीडपट पगार आणि वर बदली रजा मिळते. मालकाला काहीच मिळत नाही. आमचे यजमान हे हसत हसत सांगायचे, पण दिवसातून दोनदा तरी सांगायचे.

पहाटे शेडमध्ये जा, खरी मजा तिथे आहे. 'गोठा' म्हणून जे डोळ्यासमोर येतं ते विसरा. दावण नाही, बांधलेली गाय नाही. जनावरं बारा महिने उघड्यावर कुरणात असतात, शेडमध्ये येतात ती फक्त धारेपुरती. आमच्याकडे हेरिंगबोन पद्धतीची शेड होती: मधोमध कमरेइतका खोल लांबट खड्डा, त्यात माणसं उभी, आणि दोन्ही बाजूंना वरच्या ओट्यावर गायी तिरक्या रांगेत, मागचा भाग खड्ड्याकडे करून. कास नेमकी हाताच्या उंचीवर येते, त्यामुळे एकदाही वाकावं लागत नाही. १९५२ मध्ये वायकाटोतल्याच रॉन शार्प नावाच्या शेतकऱ्याने ही रचना उभी केली आणि मग ती जगभर गेली. पान्हा फुटायला वासरू सोडणं वगैरे प्रकार नाही. गाय येते, सडांना कप लागतात, दूध नळीतून थेट टाकीत. मग सडांवर औषधाचा फवारा, की रांग बाहेर. गंमत म्हणजे गायी रोज साधारण त्याच क्रमाने आत येतात. पुढे घुसणाऱ्या ठरलेल्या, शेवटी रेंगाळणाऱ्याही ठरलेल्या. लोकलमधल्या रोजच्या बायकांसारखं!

एक धोका आधीच सांगते. तुम्ही खड्ड्यात, गायी वर आणि पाठमोऱ्या. शेण आणि मूत कुठे पडणार याचा हिशोब सोपा आहे. मालकीणबाई रबरी एप्रन आणि गमबूट देतात. टोपीसुद्धा घाला.

ऑक्टोबरच का, जून का नाही? तिथला सगळा कळप एकाच मोसमात वितो, जुलै ते सप्टेंबरच्या दरम्यान, म्हणजे तिथल्या वसंतात (सप्टेंबर ते नोव्हेंबर) गवत जोरात वाढतं तेव्हाच दूधही भरात येतं. विकतचा खुराक कमी लागतो, सगळं गणित गवतावर चालतं. जूनमधल्या राजाच्या वाढदिवसाच्या लाँग वीकेंडला गेलात तर बहुतेक गायी आटलेल्या असतात, शेड बंद आणि चिखल भरपूर. लेबर वीकेंडला उलट दूधही भरात आणि गायी पुन्हा गाभण करायचे दिवसही सुरू झालेले. गाय साधारण २८२ दिवस गाभण असते. पुढच्या ऑगस्टात वासरू हवं तर आत्ताच हालचाल करायला हवी, मग सुट्टी असो नसो.

त्यासाठीची युक्ती मला फार आवडली. प्रत्येक गायीच्या शेपटीच्या मुळाशी भडक रंगाचा पट्टा ओढलेला असतो. गाय माजावर आली की इतर गायी तिच्यावर चढतात आणि पट्टा घासून निघतो. धारेच्या वेळी खड्ड्यातून ते सगळे पट्टे डोळ्यासमोरच असतात. पुसलेला दिसला की ती गाय फाटकातून बाजूला काढायची, थोड्या वेळात कृत्रिम रेतनवाला येतो. तो सोमवारीही आला. मालकांनी मला पट्टे बघायच्या कामाला लावलं होतं, आणि त्या कामात कंटाळा येत नाही एवढं खात्रीने सांगते.

दुधाचे पैसे तिथे लिटरवर नसतात, त्यातल्या फॅट आणि प्रोटीनच्या किलोवर असतात. सहकारी संस्थेचा टँकर येऊन टाकी रिकामी करतो. दूधही नियमाप्रमाणे झटपट गार करावं लागतं: धार सुरू झाल्यापासून चार तासांत १० अंशांवर, आणि धार संपल्यावर दोन तासांच्या आत ६ अंशांवर. त्यामुळे शेडमधलं कूलिंग बिघडलं तर यजमानांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

वासरांचा विषय निघेलच. ती जन्मल्यावर लवकरच आईपासून वेगळी करतात, चीक बाटलीने किंवा फीडरने पाजतात. कालवडी ठेवतात, पण नको असलेली नर वासरं बरीचशी थोड्याच दिवसांत कत्तलीसाठी जातात. ऑक्टोबरात ते समोर दिसत नाही, पण विचारलंत तर शेतकरी लपवतही नाही. मला ते पचायला जड गेलं. तुम्हाला जनावरांबद्दल हळवेपण असेल तर हे माहीत असून जावं.

सकाळ-संध्याकाळच्या दोन धारांच्या मधला वेळ मोकळा. कुरणातून फिरा, फक्त विजेच्या तारेला हात लावू नका आणि फाटक जसं सापडलं तसंच ठेवा: उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. लेबर वीकेंडला टोमॅटोची रोपं लावायची तिथे पद्धतच आहे, त्यामुळे परसबागेत हाताला काम मिळेल.

आता नियम. न्यूझीलंडमध्ये लाळ्या-खुरकूत हा गुरांचा साथीचा रोग कधीच आलेला नाही, म्हणून विमानतळावर ते फार काटेकोर असतात. निघण्याआधीच्या ३० दिवसांत तुम्ही कुठल्या गोठ्यात किंवा शेतावर गेला असाल तर फॉर्ममध्ये तसं लिहा, बूट घासून स्वच्छ न्या आणि दाखवा. खाण्याची वस्तू जाहीर न करता सापडली तर जागच्या जागी ४०० न्यूझीलंड डॉलर दंड होतो. आणि 'काम करतो, राहायला-जेवायला फुकट द्या' असा सौदा व्हिजिटर व्हिसावर करू नका, तो तिथे नोकरीच धरला जातो. पैसे देऊन पाहुणे म्हणून राहा.

ऑकलंडहून गाडीने दोन तासांच्या आसपास लागतात, पण शुक्रवारी संध्याकाळी दक्षिणेकडे सगळं शहर एकदमच निघतं. दुपारच्या आत निघा, नाहीतर शनिवारी पहाटे. गरम कपडे न्या, पहाटे पाचला तिथे ऑक्टोबरातही अंधार आणि चांगलाच गारवा असतो.