टायरचा दिवा आधी लुकलुकतो, मग तसाच राहतो

प्रश्न : माझी गाडी ११ वर्षांची आहे. चालू केली की टायर प्रेशरचा पिवळा दिवा मिनिटभर लुकलुकतो आणि मग तसाच पेटलेला राहतो. हवा तर चारही चाकांत बरोबर आहे, मग सेन्सर काढूनच टाकू का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : अहो, काढू नका! आधी लुकलुकून मग स्थिर राहतो म्हणजे बहुतेक हवेचा दाब मोजणाऱ्या सिस्टिममधेच बिघाड आहे, हवा कमी असती तर दिवा सरळ पेटला असता. चाकातल्या सेन्सरची बॅटरी साधारण ५ ते १० वर्षं चालते, ती आतच सीलबंद असते त्यामुळे सहसा अख्खा सेन्सरच बदलावा लागतो. गॅरेजमधे स्कॅन टूलने (बिघाड तपासायच्या यंत्राने) कुठला सेन्सर गेलाय ते बघून घ्या आणि नवे टायर टाकायचे असतील तर तेव्हाच बदला, उघडझाकीची मजुरी वाचते. नवा बसवल्यावर तो गाडीला ओळखवून द्यावा लागतो, हे बरेच जण विसरतात. आणि हवा भरायच्या अॅल्युमिनियमच्या वॉल्व्हमधे आतली साधी पितळी पिन टाकू देऊ नका, पावसाळ्यात गंजून चिकटते, निकेलचा मुलामा असलेलीच मागा. तोवर दर १५ दिवसांनी सकाळी थंड टायरवर गेज लावून बघा, हवा किती हवी तो आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो.