लष्करातल्या इंजिनिअरला बंदराचं काम मिळतं का?

तुम्ही विचारलंय, की मुलगा कराडला सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्याला सैन्यात जायचंय आणि बंदरांच्या कामाचंही वेड आहे. तर तसं काम लष्करातल्या इंजिनिअरला मिळतं, की ते सगळं नौदलाकडे असतं?

मिळतं. जहाजं नौदलाची, पण ती ज्या जेटीला लागतात ती जेटी, तिच्यावरची पाण्याची-विजेची लाइन, मागची गोदामं, क्वार्टर्स, हे बहुतेक एमईएस म्हणजे मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस सांभाळते. मी सातारा तालुक्यातला, बॉम्बे सॅपर्सचा, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर पलटणीचा, निवृत्त सुभेदार. नोकरीतली शेवटची ३ वर्षं एमईएसच्या कामावर अंदमान-निकोबारला होतो, त्सुनामीनंतर. हाताखालून गेलं तेच सांगतो.

२६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात निकोबारची जमीनच खचली. निकोबारच्या दक्षिण टोकाला, इंदिरा पॉइंटला, दीपगृह उभं होतं ती जागा ४ मीटरहून जास्त खाली गेली. उत्तर अंदमानात उलट किनारा वर उचलला गेला. जेटीची उंची भरती-ओहोटीवरून ठरते, त्यामुळे न मोडलेली जेटीही बिनकामाची होते: एकीकडे भरतीला डेकवर पाणी, दुसरीकडे ओहोटीला बोटच लागत नाही.

लाटेची भीती सगळ्यांनाच वाटते. मला धास्ती असायची ती दिवसातून दोनदा भिजणाऱ्या आणि दोनदा वाळणाऱ्या पट्ट्याची. तिथे खार काँक्रीटमध्ये मुरत सळईपर्यंत पोचतो, सळई गंजते, आणि गंज फुगून काँक्रीट आतून फोडतो. म्हणून आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे या पट्ट्यात किमान एम४० ताकदीचं काँक्रीट आणि सळईवर ७५ मिमी कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, लागतं. एका जुन्या जेटीखाली आम्ही ओहोटीला होडीतून शिरलो. बीमच्या पोटाला तपकिरी ओघळ दिसला म्हणून हातोडीने ठोकलं. चांगलं काँक्रीट टणटण वाजतं, हे बद्द वाजलं. पुढच्या ठोक्याला एक पापुद्रा हातातच आला. आत अंगठ्याएवढी सळई करंगळीएवढी उरलेली. कव्हर मोजलं तर जेमतेम २५ मिमी. सळई बांधताना कुणीतरी कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई साच्यापासून दूर ठेवणारे ठोकळे, घातलेच नव्हते. मला फार वाईट वाटलं, कारण बेटाचा तांदूळ, डिझेल, आजारी माणूस, सगळं त्याच जेटीवरून जात होतं. दुरुस्तीला ओहोटीचे तीन-चार तास मिळायचे, कधी रात्री दोनला. काँक्रीटला गोडं पाणी हवं, ते बेटावर पिण्यापुरतंच. किनाऱ्यावरची खारी वाळू चालत नाही, म्हणून वाळूही बोटीने यायची.

लष्कराला बंदर घाईत लागतं, आणि कधी कधी ते मुळात नसतंच. जून १९४४ मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर दोस्त सैन्यांनी अख्खी दोन बंदरं इंग्लंडहून ओढत नेली, एक अमेरिकनांचं, एक ब्रिटिशांचं. काँक्रीटच्या पोकळ पेट्या बुडवून लाटा अडवल्या, आत तरंगता रस्ता टाकला. १९ जूनला सुरू झालेल्या वादळात अमेरिकन बंदर मोडलं, आरोमाँशचं ब्रिटिश बंदर तगलं. तो तरंगता रस्ता रॉयल इंजिनिअर्सच्या, म्हणजे ब्रिटिश लष्कराच्या इंजिनिअर शाखेच्या, अ‍ॅलन बेकेट यांनी आखला होता. त्याला धरून ठेवणारा नांगरही त्यांचाच. ओढ वाढेल तसा तो आणखी खोल रुतायचा. मला त्या रस्त्यापेक्षा नांगराचंच जास्त कौतुक वाटतं.

मुलाला पदवीनंतर एसएससी टेक (शॉर्ट सर्व्हिस कमिशन, टेक्निकल) किंवा टीजीसीने (टेक्निकल ग्रॅज्युएट कोर्स) कोअर ऑफ इंजिनिअर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर शाखेत, अधिकारी म्हणून जाता येईल. पुढचं इंजिनिअरिंग पुण्याजवळ दापोडीच्या सीएमईत, म्हणजे कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगमध्ये. गणवेश नको असेल तर यूपीएससीच्या इंजिनिअरिंग सर्व्हिसेस परीक्षेतूनही एमईएसमध्ये जाता येतं. पण पोस्टिंग मागून मिळत नाही. पहिली काही वर्षं लेह-तवांगला जातील, ही तयारी ठेवा.

तोवर सुट्टीत त्याला कुंभार्ली घाट उतरून दाभोळला पाठवा. अमावास्येच्या आसपास ओहोटीला जेटीच्या खाली जाऊन बघू दे. खांबावर शेवाळाची रेघ कुठवर आहे आणि तडे कुठून सुरू होतात, ते वहीत काढून आणायला सांगा. ती वही घेऊन तो साताऱ्याला आला तर मी घरीच असतो.