सासूसासरे, पाच वर्षांचा मुलगा आणि समुद्रावर चार निवांत दिवस: कसं आखावं?

तुम्ही लिहिलंय की फेब्रुवारीत चार दिवस मिळतायत, ठाण्याहून निघायचंय, बरोबर सत्तरी ओलांडलेले सासूसासरे आणि पाच वर्षांचा मुलगा आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, तुम्ही दोघंही कामाने पिचून गेला आहात आणि कुणालाच काही 'बघायचं' नाहीये. समुद्र हवा आणि आराम हवा. गोवा, कोकण की मालदीव, असा प्रश्न आहे.

मी म्हणेन दक्षिण गोवा, आणि तिथेही बाणावली, वार्का, कॅव्हेलोसिम, मोबोर हाच पट्टा. पण जागा ठरवण्याआधी एक गोष्ट ठरवा: बंगला किंवा व्हिला घ्यायचा नाही. स्वयंपाकघर असलेलं काहीच घ्यायचं नाही.

हे मी पोळून शिकले आहे. सहा वर्षांपूर्वी आम्ही नऊ जण गोव्याला गेलो. 'सगळे एकत्र राहू, स्वस्तही पडेल' म्हणून बंगला घेतला. पहिल्या सकाळी सहाला मला जाग आली ती कपबशांच्या आवाजाने. आई ओट्याशी उभी राहून नऊ कप चहा करत होती. मग मुलांसाठी दूध, मग 'पोहे भिजवते, बाहेरचं तेलकट कशाला', मग दुपारी डाळभात. चार दिवसांत ती समुद्रावर दोनदा आली. परत येताना गाडीत म्हणाली, 'छान झाली गं ट्रिप', आणि चिपळूण येईपर्यंत ती स्वतःचे पाय दाबत होती. तो प्रवास मी विसरलेले नाही. ओटा दिसला की आपल्याकडच्या बायका त्याच्यापुढे उभ्या राहतात. तुमच्या सासूबाई राहतील आणि मग तुम्हीही राहाल. म्हणून रिसॉर्टच घ्या, आणि जेवणासकट घ्या.

जेवणासकट म्हणजे काय, ते बुकिंग करताना नीट बघा. सीपी म्हणजे फक्त नाश्ता, एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, एपी म्हणजे नाश्ता आणि दोन्ही जेवणं. तुमच्यासाठी एमएपी बरा, त्यातलं जेवण रात्रीचं घ्या. दिवसभराच्या उन्हानंतर सगळ्यांना कपडे बदलून कुठेतरी न्यायचं, पोरगं पेंगुळलेलं, सासऱ्यांची गोळ्यांची वेळ झालेली, हे सगळं त्यामुळे टळतं. दुपारी समोरच्या शॅकवर मासळी आणि राईस-करी खा. मुलासाठी रवा फ्राय सांगा. रेशाद मसाला तिखट-आंबट असतो, लहान तोंडाला झेपत नाही.

आता जागा. मालदीव सुंदर आहेच, पण विमानातून उतरल्यावर पुन्हा स्पीडबोट किंवा सीप्लेन असतं. सीप्लेन दिवसाउजेडीच उडतात, त्यामुळे विमान संध्याकाळी पोचलं तर पहिली रात्र मालेतच जाते. दुखऱ्या गुडघ्यांनी हलत्या बोटीत चढउतार करायला लावू नका. कोकण माझं माहेर आहे, वेंगुर्ल्याचं, त्यामुळे त्याच्याविरुद्ध बोलताना जीभ अडखळते. गणपतीपुळ्याला आणि तारकर्लीला एमटीडीसीचं रिसॉर्ट अगदी किनाऱ्याला आहे आणि जागा देखण्या आहेत. पण तिथे गेलात की देवदर्शन, किल्ला, स्नॉर्केलिंग, 'एवढं आलोय तर' हे सुरू होतं. काही बघायचं नाही असं तुम्ही ठरवलंय ना, मग बघण्यासारखं फार नसलेला लांबलचक किनाराच हवा. बाणावलीपासून मोबोरपर्यंत तेच आहे: सलग पांढुरकी वाळू, मागे सुरूची झाडं, आणि शेवटी बेतुलजवळ समुद्राला मिळणारी साळ नदी. बागा-कळंगुटचा आवाज इथे नाही. पाळोळे आणि आगोंद त्याहूनही शांत आणि सुंदर, पण तिथे बराचसा कारभार झोपड्यांचा, लाकडी पायऱ्यांचा. तिकडे नंतर कधीतरी दोघंच जा.

पोचायचं कसं, यात ठाणेकरांचं नशीब चांगलं आहे. जून २०२३ पासून मुंबई-मडगाव वंदे भारत सुरू आहे आणि ती ठाण्याला थांबते. सकाळी सहाच्या सुमारास बसलात की दुपारी एकच्या आसपास मडगाव. रिसॉर्टचं चेक-इन बहुतेक ठिकाणी दोनला असतं, म्हणजे सामान घेऊन ताटकळायला नको. परतीलाही तसंच: अकराला खोली सोडा, अडीचनंतर मडगावहून गाडी. आठवड्यातून एक दिवस ती धावत नाही, तेवढं वेळापत्रक बघून घ्या, आणि आरक्षण ६० दिवस आधी उघडतं तेव्हाच काढा. विमानाने जाणार असाल तर तिकिटावर दाबोळी आहे की मोपा, हे तपासा. जानेवारी २०२३ पासून मोपालाही विमानं उतरतात. तो विमानतळ गोव्याच्या पार उत्तर टोकाला आहे, तिथून वार्क्याला यायला गाडीत दोन तास जातात. दाबोळीहून त्याच्या निम्म्याने वेळ लागतो.

ओला-उबर गोव्यात चालत नाहीत. मडगाव स्टेशनवर गाडी पाठवायला रिसॉर्टलाच आधी सांगून ठेवा. थोडे जास्त पैसे जातील, जाऊ द्या. तिथून पुढे चार दिवस गाडीत बसायचं नाही.

आणखी एक तारीख सांभाळा. गोव्याचा कार्निव्हल बहुतेकदा फेब्रुवारीत येतो, शनिवार ते मंगळवार. रविवारी मडगावात मिरवणूक असते, त्या दुपारी स्टेशनबाहेर पडणं कठीण होतं.

रिसॉर्ट निवडताना सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वाळूपर्यंतचं अंतर. बंगल्यानंतरच्या वर्षी मी शहाणपणाने रिसॉर्ट घेतलं, जाहिरातीत लिहिलं होतं 'बीच पाच मिनिटांवर'. ती पाच मिनिटं गाडीची निघाली. भर रस्ता ओलांडून, शेताच्या कडेने जायचं. आईला रोज 'तुम्ही जा, मी इथेच बसते' म्हणावं लागलं. यात काही अंशी नियमांचाही भाग आहे. १९९१ पासूनच्या सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या नियमांमुळे अशा गावांत भरतीच्या रेषेपासून २०० मीटरच्या आत नवं पक्कं बांधकाम सहसा होत नाही. म्हणजे चांगल्या रिसॉर्टलाही शेवटचं अंतर वाळूच्या टेकाडांवरून, मर्यादवेलीच्या जाळ्यातून चालावंच लागतं. म्हणून वेबसाइटवर विसंबू नका, फोन करा आणि नेमकं विचारा: खोलीच्या दारापासून वाळूपर्यंत किती पावलं, मध्ये रस्ता आहे का, पायऱ्या किती, वाट फरशीची की वाळूची, बॅटरीवरची बग्गी सोडते का. खोली तळमजल्यावरचीच मागा. 'सी व्ह्यू'साठी जास्त पैसे मागत असतील तर ते देऊ नका, तेच पैसे वाळूच्या जवळच्या खोलीसाठी द्या. कमोडजवळ धरायला दांडी आहे का, हेही विचारा. असं विचारायला आपल्याला उगाच संकोच वाटतो.

तिथे गेल्यावर दिवस समुद्राच्या घड्याळाने लावा. भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. आमच्याकडे जुनी माणसं तिथीची पाऊणपट करायची: चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. गोव्यात तासभर आधी धरा. लहान मुलाला ओहोटीच्या वेळी न्या. वाळू घट्ट आणि ओली असते, पाणी घोट्यापर्यंत. आणि त्या वाळूवर बोटाच्या पेराएवढ्या कुर्ल्या मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी घालून ठेवतात, बिळाभोवती गोल गोल. माझा भाचा तास-तास उकिडवा बसून ती बघायचा, मोबाइल कुणी मागितला नाही. लाल झेंडा असेल तर पाण्यात पाय घालायचा नाही. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच पोहायचं, तिथे जीवरक्षकाची नजर असते. मोबोरच्या टोकाला, नदी जिथे मिळते तिथे, पाणी कितीही शांत दिसलं तरी उतरू नका, ओढ जबरदस्त असते.

सासूबाईंसाठी पहिल्याच दिवशी हात असलेली उंच खुर्ची मागून घ्या. बीचवरच्या त्या झोपायच्या खुर्च्या बुटक्या असतात, गुडघे दुखणाऱ्याला उठता येत नाही. तिसऱ्या खेपेला, बाणावलीला, आम्ही आईला अशी प्लास्टिकची खुर्ची पाण्यापासून वीस पावलांवर मांडून दिली. सकाळी सात वाजता तिथे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत होते, दोन्ही बाजूंना माणसं, पाय वाळूत रुतवून मागे मागे सरकणारी. जाळं किनाऱ्याला लागलं तेव्हा तारल्यांची चांदी उसळली. आईच्या लहानपणी वेंगुर्ल्याला रापण लागली की सगळा वाडा धावायचा. ती त्या माणसांशी मालवणीत बोलायला लागली, ते कोंकणीत उत्तरं देत होते, आणि तिचा चहा शेजारी गार होत होता, वेटरने आणून दिलेला.

मधला एक दिवस कुणी तरी 'जुन्या गोव्याला जाऊन येऊ' म्हणेल, बहुतेक सासरे. त्यांना आणि तुमच्या यजमानांना खुशाल जाऊ द्या, गाडी दिवसभराची मिळते. तुम्ही दोघी जाऊ नका.

परतीची गाडी ठाण्याला रात्री उशिरा पोचते. रात्रीचं जेवण गाडीत मिळेल असं तिकीट काढा किंवा मडगावलाच काहीतरी बांधून घ्या, आणि दुसऱ्या दिवशीची सुट्टी आत्ताच टाकून ठेवा. घरी शिरल्यावर कुणाला कुकर लावायला लागू नये.