निळू फुले यांनी आयुष्यभर सरपंचच केला, तर त्यांना मोठा नट का म्हणतात? आणि त्यांचं काम कुठून पाहायला सुरुवात करावी?

आयुष्यभर सरपंच केला, हे साफ चूक आहे. हे वाक्य मी पूर्वीही ऐकलंय, म्हणून लिहायला बसलो.

आमच्या हौशी संघात एक एकांकिका बसत होती. माझ्याकडे गावच्या पुढाऱ्याचं काम. तालमीत दिग्दर्शक म्हणाले, "आवाज खर्जात ने, मान तिरकी कर, बाईकडे बघून हस. निळू फुले कर." मी म्हटलं, सर, ही नक्कल झाली, पुढारी कुठाय यात? त्यावर सगळ्यांसमोर ऐकवलं, "त्यांनी तरी दुसरं काय केलं? एकच ढब घेऊन जन्म काढला."

मी ‘सामना’ या सिनेमाचं नाव घेतलं. त्यातला साखरसम्राट हिंदुराव धोंडे-पाटील आठवा. समोर डॉ. लागूंचा मास्तर, मारुती कांबळेचं काय झालं म्हणून पिच्छा पुरवणारा. हिंदुराव त्याचा पाहुणचार करतो, त्याला दारू पाजतो. दरारा येतो तो आवाज न चढवल्यामुळे. हा माणूस स्वतःला वाईट समजतच नाही, गावाचं भलं आपणच केलं यावर त्याचा विश्वास आहे. हे तिरक्या मानेनं येत नाही. आणि 1979 च्या ‘सिंहासन’मध्ये हेच निळूभाऊ पत्रकार दिगू टिपणीस. बहुतेक वेळ नुसते ऐकतात. समोरचा मंत्री बोलतोय आणि आपण ऐकणाऱ्याचा चेहरा बघतोय, ही किमया किती जणांना जमते? शेवटी तो दिगू वेड्यासारखा हसत सुटतो, तेव्हा आधीचं सगळं ऐकलेलं त्या हसण्यात येतं. आवाज तोच, शरीर तेच, माणूस पार वेगळा.

सरांनी ‘सिंहासन’ पाहिलाच नव्हता. तरी मत ठाम! पुढाऱ्याचं काम शेवटी दुसऱ्याला गेलं, त्यानं नक्कल केली, टाळ्या मिळाल्या. पण टाळ्या पडल्या म्हणून ते बरोबर ठरत नाही, हे मी आजही म्हणतो.

मुळात निळूभाऊ हा माणूस राष्ट्र सेवादलाच्या कलापथकातून आलेला, पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेला. ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्यानं नाव झालं, 1968 मध्ये ‘एक गाव बारा भानगडी’तला झेलेअण्णा मिळाला. लोकनाट्यात समोरचा प्रेक्षक बघून जागच्या जागी बोलावं लागतं. संवादाआधीची त्यांची ती थांबण्याची जागा तिथून आली असं माझं मत. पुढे 1972 मध्ये तेंडुलकरांचा ‘सखाराम बाइंडर’. त्या नाटकावर बंदी आली, प्रकरण कोर्टात गेलं. ग्रामीण विनोदी नट म्हणून माहीत असलेल्या माणसानं तो सखाराम उभा केला, याला साचा म्हणायचं?

हां, हेही खरं की त्यांनी सुमार सिनेमे पुष्कळ केले. निर्माते तेच ते काम घेऊन येत आणि ते करत. पण त्याचा दोष आधी मागणाऱ्यांकडे जातो.

तुम्ही ‘सिंहासन’पासून सुरुवात करा, मग ‘सामना’. हिंदीत 1984 चा ‘सारांश’, त्यातला राजकारणी गजानन चित्रे. सरपंच त्यानंतर पाहा. आणि कुणी तालमीत "निळू फुले कर" म्हणालं, तर त्याला आधी विचारा, कुठला? हिंदुराव की दिगू?