बॉयन्सीचा सराव जलतरण तलावात करून खरेच फायदा होतो का?

तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगचा ओपन वॉटर हा प्राथमिक कोर्स पूर्ण केला, तरी बॉयन्सी, म्हणजे पाण्यात एका खोलीवर स्थिर तरंगणे, जमत नाही; समुद्रात कधी तळाला टेकतो तर कधी नकळत वर येतो, आणि पुण्यातल्या तलावात सराव करून हे सुधारेल का, असे आपण विचारले आहे. नक्की सुधारेल, माझे तसेच सुधारले.

उथळ तलावात काय शिकणार, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तोल सांभाळणे उथळ पाण्यातच अधिक अवघड असते. ३ मीटरवरून १ मीटरवर आलात तर पाण्याचा दाब कमी होऊन जॅकेटमधली (हवा भरून किंवा सोडून तरंगणे कमीजास्त करण्याचे जॅकेट) हवा सुमारे १८ टक्के फुगते. २० मीटरवरून १८ मीटरवर येताना ती जेमतेम ७ टक्के फुगते. त्यामुळे तलावात स्थिर राहता आले, की खोल पाणी सोपे वाटते.

सुरुवात कमरेच्या पट्ट्यावरच्या वजनांपासून करा. जॅकेट पूर्ण रिकामे करून, नेहमीसारखा श्वास घेऊन उभे राहिलात की पाणी डोळ्यांच्या पातळीवर यावे, आणि श्वास सोडताच तुम्ही सावकाश खाली जावे. सिलिंडर भरलेला असेल तर त्यातली हवा संपत जाताना तो सुमारे २ किलोंनी हलका होतो, हे धरून तेवढे वजन जास्त ठेवावे. माझ्या पट्ट्यावर सुरुवातीला १० किलो होते. प्रशिक्षकांनी त्यातले ४ किलो काढले, तेव्हा कळले की मी इतके दिवस जास्तीचे वजन जॅकेटमध्ये हवा भरून उचलत होतो आणि ती हवाच मला वरखाली नाचवत होती.

त्यानंतर जॅकेटमध्ये हवा भरण्या-सोडण्याच्या बटणावरचे बोट काढा. तळापासून अर्ध्या मीटरवर आडवे होऊन फरशीच्या एका सांध्यावर नजर ठेवा आणि केवळ श्वासाने वरखाली व्हा. श्वास घेतल्यावर शरीर लगेच उचलले जात नाही, दोन-तीन सेकंद जातात; नवशिका तेवढ्यात घाबरून बटण दाबतो. हा उशीर अंगवळणी पडेपर्यंत दुसरे काही करू नये, असे माझे ठाम मत आहे. श्वास मात्र कधीही रोखून धरू नका, कारण तलावाच्या खोलीतही वर येताना फुप्फुसांना इजा होऊ शकते.

मग मास्कमधले पाणी काढणे आणि तोंडातून सुटलेला रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा श्वासासाठी देणारे साधन) शोधणे ही कौशल्ये गुडघे टेकून नव्हे, तर तरंगतच करा. मालवणच्या प्रवाळांवर गुडघे टेकायला जागा नसते, आणि पायातल्या फिनच्या (पोहण्याच्या वल्ह्यासारख्या पट्टीच्या) एका फटक्याने वर्षानुवर्षे वाढलेला प्रवाळ मोडतो.

सोबत प्रशिक्षक किंवा अनुभवी जोडीदार हवाच, तलावाची परवानगीही आधी घ्या. समुद्राचे पाणी सुमारे अडीच टक्के जड असल्याने, तुमचे व सामानाचे मिळून १०० किलो होत असतील तर तोच सूट घालूनही समुद्रात साधारण अडीच किलो जास्त लागतील. तलावातला आकडा वहीत लिहून ठेवा आणि मालवणला पहिल्या डाइव्हपूर्वी वजनाची तपासणी पुन्हा करा.