‘द ट्यूडर्स’ ही सोळाव्या शतकातल्या इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजावरची टीव्ही मालिका पाहून इतिहास कळतो का? आणि त्यातला हेन्रीचा मंत्री थॉमस मोर खरंच एवढा हट्टी होता का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर थोडक्यात देते. नाती आणि तारखा या मालिकेतून उचलू नका. आठव्या हेन्रीच्या दोन बहिणींची तिथं एकच बहीण केली आणि तिला पोर्तुगालच्या राजाला दिली. खरी मार्गारेट स्कॉटलंडच्या राजाला दिली होती. तिचाच पणतू १६०३ मध्ये इंग्लंडच्या गादीवर बसला, म्हणजे पुढचं राजघराणंच मालिकेनं पुसलं. मला ही चूक अक्षम्य वाटते.

पण ‘हट्टी’ हा शब्द मला लागला, म्हणून लिहायला बसले.

आम्ही वसईचे कॅथलिक. माझे पप्पा एका संस्थेच्या गोदामात हिशेबनीस होते. एका मार्चअखेरीला त्यांना साठ्याच्या रजिस्टरवर सही करायला सांगितली. रजिस्टरात होता तेवढा माल गोदामात नव्हता. पप्पांनी तक्रार केली नाही, कुणाचं नाव घेतलं नाही, फक्त सही केली नाही. तीन महिन्यांत नोकरी गेली. मी तेव्हा सातवीत होते. आई लोकांचे ब्लाउज शिवायला लागली. मामा दर नाताळात जेवताना विचारायचा, “भावजी, एक सही केली असती तर काय बिघडलं असतं? वेळ बघून वाकतो तोच तरतो.” पप्पा मान खाली घालून जेवत राहायचे.

पुढे कित्येक वर्षांनी मी ही मालिका पाहिली आणि दुसऱ्या सीझनमधले मोरचे प्रसंग निवडून पप्पांना दाखवले. (निवडून, कारण शेजघरातली दृश्यं भरपूर आहेत; घरच्यांसोबत सरसकट पाहू नका.) संत थॉमस मोर हे नाव त्यांना चर्चमुळे माहीत होतं, पण त्याला मारलं कशासाठी ते माहीत नव्हतं. १५३४ मध्ये, पोपला झुगारून हेन्रीनं केलेल्या दुसऱ्या बायकोची, म्हणजे अ‍ॅन बोलिनची मुलं हीच गादीची वारस, अशी शपथ सगळ्यांना घ्यायची होती. मोरनं ती घेतली नाही आणि का घेत नाही तेही सांगितलं नाही. मौन म्हणजे संमती, या कायद्यातल्या जुन्या वचनावर त्या मुरलेल्या वकिलानं आपला बचाव उभा केला. पंधरा महिने लंडनच्या टॉवर या किल्ल्यातल्या तुरुंगात काढले. शेवटी रिचर्ड रिच या सरकारी वकिलाची साक्ष त्याला भोवली आणि ६ जुलै १५३५ ला त्याचा शिरच्छेद झाला.

पप्पांनी एवढंच विचारलं, “त्याच्या बायकोचं काय?” मी मोरच्या जावयानं लिहून ठेवलेला प्रसंग सांगितला. अ‍ॅलिस कोठडीत भेटायला आली आणि नवऱ्यावर तडकली. चेल्सीला एवढं घर आहे, पुस्तकं आहेत, बाग आहे, आणि तुम्ही इथं उंदरांत पडलाय. सगळ्या बिशपांनी जे केलं ते करून मोकळे व्हा! पप्पा बराच वेळ बंद पडद्याकडे बघत होते. मग म्हणाले, “बाईचं बरोबर होतं.” आणि जरा वेळानं, “त्याचंही.” त्या सहीबद्दल ते माझ्याशी एवढंच बोलले, तेही मोरच्या आडून.

मोर हट्टी नव्हता. हट्टी माणूस दुसऱ्याला वाकवायला बघतो. ज्यांनी शपथ घेतली त्यांना मोरनं दोष दिला नाही, आणि त्यांत त्याची लाडकी लेक मार्गारेटही होती. इथं एक कबूल करायला हवं. हाच मोर चॅन्सेलर, म्हणजे राजाचा मुख्य मंत्री, असताना सहा प्रॉटेस्टंटांना जिवंत जाळलं गेलं, आणि त्याला ते योग्य वाटत होतं. तेव्हा माझं म्हणणं त्याच्या शेवटच्या पंधरा महिन्यांपुरतंच धरा.

धर्माचा झगडा समजून घ्यायचा असेल तर मोर गेल्यावर मालिका सोडू नका. हेन्रीचा पुढचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्याकडे नीट बघा. राजाला हवं ते सगळं यानं करून दिलं, मठसुद्धा मोडले. २८ जुलै १५४० ला त्याचंही मुंडकं उडवलं आणि त्याच दिवशी हेन्रीनं पाचवं लग्न केलं. दोनच दिवसांनी लंडनमधल्या स्मिथफील्डला तीन कॅथलिकांना राजद्रोही म्हणून फाशी दिली आणि तीन प्रॉटेस्टंटांना पाखंडी म्हणून जाळलं. एकाच दिवशी, एकाच राजाच्या हुकमानं.

पप्पा आता नाहीत. गेल्या नाताळात मामानं तोच विषय काढला, तेव्हा मी त्याला क्रॉमवेलची गोष्ट सुरुवातीपासून सांगितली. आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दारात उभी राहिली आणि गोष्ट संपेपर्यंत ऐकत होती.